टाचा टेकव!

माणसाचा देह साडेतीन हात, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. या हिशेबातली खरी गंमत ही, की हात ज्याचा त्याचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात, आणि त्या आपल्या हाताने आपण साडेतीन. म्हणजे अहमदपूरच्या बसस्टँडावर उभा असलेला सहा फुटी पैलवानही साडेतीन हात आणि त्याच्या पुढ्यात शेंगांची पाटी घेऊन हिंडणारे पोरगेही साडेतीनच हात. कुणी उंच नाही, कुणी बुटके नाही. समाजवाद म्हणतात तो बहुधा हाच. भांडण सुरू झाले ते दुसऱ्याच्या हातची पट्टी आपल्या डोक्यावर येऊन टेकली तेव्हापासून.

ती पट्टी छत्तीस वर्षे माझ्या हातात होती. अहमदपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी मास्तरकी केली आणि दरवर्षी पोरांच्या उंच्या मोजल्या. मी स्वतः पाच फूट तीन इंच आहे. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा मला नैतिक अधिकार नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. त्या पाच फूट चार इंच आहेत. आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आम्ही दोघे बसलेले आहोत.

आमच्या तालुक्याने जिल्हे बरेच बदलले. १९५६ पर्यंत तो बीदर जिल्ह्यात होता, मग तेव्हाच्या उस्मानाबादेत गेला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तसा लातुरात आला. या तिन्ही जिल्ह्यांत एक कायदा मात्र अखंड लागू राहिला. तो म्हणजे, झोपलेल्या लेकराला ओलांडायचे नाही. ओलांडले की वाढ खुंटते. उन्हाळ्यात माळवदावर आम्ही नऊजण एका ओळीने झोपत असू आणि जिना असे ओळीच्या पलीकडच्या टोकाला. रात्री कुणाला खाली जावे लागले की त्याला आठ लेकरांची वाढ खुंटवत जावे लागे. आजी जागीच असे. "वलांडलास नव्हं? आता उलटा वलांडत ये," असे ती अंधारातून बजावी. मग तो बिचारा त्याच वाटेने पाठमोरा परत येई आणि खुंटवलेली वाढ एकेकाची मोकळी करीत आपल्या जागेवर पोचे. या येण्याजाण्यात तो दोघांच्या पोटावर पाय देई, पण पोटावर पाय दिल्याने काही खुंटते असे आजीच्या शास्त्रात नव्हते.

याशिवाय डोक्यावर टपली मारू नये, डोक्यावर ओझे देऊ नये, आढ्याला धरून रोज लोंबकळावे, दोरीवरच्या उड्या माराव्यात, असे नाना उपाय होते. अलीकडे त्यांत डब्यातल्या भुकट्यांची भर पडली. दुधात दोन चमचे टाका आणि पोरगे भिंतीवरच्या खुणेच्या वर गेलेले पाहा, अशा त्या जाहिराती. २००८ साली विलायतेत अशाच एका जाहिरातीत हॉर्लिक्स पिणारी मुले अधिक उंच, बळकट आणि हुशार होतात असा दावा केला गेला, तेव्हा तिथल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने पुरावा पुरेसा नाही म्हणून ती बंद करायला लावली. आमच्या आजीच्या दाव्याला पुरावा मागण्याची मात्र कुणाची छाती झाली नाही.

शाळेतला मोजणीचा दिवस म्हणजे एक जत्राच असे. भिंतीवर खडूने फूट-इंच आखायचे, पोराला पाठमोरे चिकटवायचे आणि डोक्यावर लाकडी पट्टी आडवी टेकवायची. एवढे साधे काम, पण एक पोरगे सरळ उभे राहील तर शपथ. सगळ्यांना एकाएकी टाचा वर करण्याची उबळ येई. "टाचा टेकव! हनुवटी खाली! श्वास घे, पण वर जाऊ नकोस!" असे मी दिवसभर ओरडत असे. ज्या काळात मोठ्या केसांची टूम होती तेव्हा कपाळावरचा कोंबडा पट्टीने दाबला की पोरगे दीड इंच कमी व्हायचे आणि रडायला लागायचे. मुलींच्या रिबिनींची फुले वेगळीच. एका पोराने तर आदल्या वर्षीपेक्षा अर्धा इंच कमी भरल्यावर मला शांतपणे सांगितले, "गुरुजी, औंदा भिंत वाढलीय." खरे तर त्याचे अगदीच चुकले नव्हते. मधल्या काळात खालची फरशी उखडून नवी बसवली होती.

हा खटाटोप टाळण्याची युक्ती एका शाळेतल्या गुरुजींनी काढली होती. शाळेचे नाव सांगत नाही, गुरुजींचेही नाही. ते पट्टीला हातच लावत नसत. गेल्या वर्षीचा तक्ता पुढ्यात घ्यायचा, प्रत्येकाच्या आकड्यात सरसकट दोन इंच मिळवायचे, शाई वाळू द्यायची आणि चहा मागवायचा. केंद्रप्रमुख खूश, तालुका खूश. आणि गंमत अशी, की शास्त्रही जवळपास हेच सांगते. पहिल्या वर्षात लेकरू सुमारे पंचवीस सेंटिमीटर वाढते. मग वेग उतरतो आणि पाच वर्षांच्या पुढे, वयात येईपर्यंत, धडधाकट मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. म्हणजे दोन इंच आणि वर थोडे. गुरुजींनी आळसातून काढलेला आकडा आणि डॉक्टरांनी हजारो पोरे मोजून काढलेला आकडा एकच निघावा, हे पाहून मी पट्टी खाली ठेवायच्या बेतात होतो. ठेवली नाही याचे कारण प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत पुढे उभी राहणारी एक मुलगी. तिच्याकडे मी येतोच.

कारण त्याआधी सातवीच्या वर्गात डोकावले पाहिजे. सातवीत गेले की मास्तरला जगाचा उलटा क्रम दिसतो. मुली ताडासारख्या आणि मुले त्यांच्या खांद्याशी. मुलींची झपाट्याने वाढण्याची वेळ दहा ते बाराच्या आसपास येते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. पंधरा ऑगस्टच्या मनोऱ्यात खालच्या थराला मुली लागत आणि वरच्या टोकाला मिशा फुटण्याची वाट पाहणारा एखादा वर्गनायक. मुलींच्या वाढण्याला उकिरड्याची उपमा देणारी एक म्हण आमच्याकडे आहे. ती ज्याने केली त्याला मुलगीही कळली नसावी आणि उकिरडाही.

अशाच एका मुलीचे वडील एकदा शाळेत आले. चेहरा चिंतेने काळवंडलेला. मला वाटले, मुलगी नापास होईल म्हणून आले असतील. तर म्हणाले, "गुरुजी, पोरगी लई वाढायलीय. हिला नवरा कुठून आणावा? काही थांबवता येतंय का?" मी सांगितले, की पाळी सुरू झाल्यावर वाढीचा वेग आपणच ओसरतो, एकदोन इंच वाढून दोनेक वर्षांत ती थांबेल, तुम्ही काही करू नका. पण त्यांनी केलेच. तिच्या वाट्याचा दुधाचा पेला धाकट्या भावाकडे वळवला. म्हणजे जिला त्या वर्षी सर्वांत जास्त गरज होती तिचे बंद झाले आणि ज्याची वेळ यायला अजून तीन वर्षे होती त्याला दुप्पट मिळाले. उंची आईबापांकडून येते म्हणतात ते खरे आहे. ती आईबापांकडून जातेही.

आईबापांकडून नेमकी किती येते, याचे गणित डॉक्टरमंडळींनी मांडून ठेवले आहे. बापाची उंची अधिक आईची उंची, त्यात मुलगा असेल तर तेरा सेंटिमीटर मिळवा, मुलगी असेल तर तेरा वजा करा आणि आलेल्या बेरजेचे निम्मे करा. आमच्या भागातला एक साधारण बाप घ्या, १६५ सेंटिमीटरचा. आई १५०. मुलाचा अंदाज येतो १६४ आणि मुलीचा १५१. आता हे आकडे पाहून तालुक्यातल्या पोरांच्या पोटात गोळा का येतो, तर महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायला मुलाला १६५ आणि मुलीला १५५ सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे जन्माच्या आधीच गणित सांगते, की बाळ एका सेंटिमीटरने नापास. अर्थात हा निव्वळ अंदाज. प्रत्यक्षात सात-आठ सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे होतात. सगळी कहाणी त्या इकडच्या-तिकडच्यातच आहे.

पहाटे मैदानावर जाऊन बघा. भरतीची तयारी करणारी पोरे लोखंडी बारला ओळीने लोंबकळत असतात. एकोणीस, वीस, बावीस वर्षांची. मला त्यांची कणव येते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ थर असतो, वाढ तिथे होते. वयात आल्यावर शरीरातल्या संप्रेरकांच्या प्रभावाने तो थर हाड बनून मिटतो. मुलींत साधारण पंधरा-सोळाला, मुलांत सतरा-अठराला. दार मिटल्यावर कडी वाजवून काय होणार? वटवाघळे जन्मभर लोंबकळतात, पण एखादे पाच फूट झाल्याचे ऐकिवात नाही. एक मात्र खरे, की पाठीच्या मणक्यांतल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात, त्यामुळे माणूस सकाळी उठताना रात्रीपेक्षा सुमारे सेंटिमीटरभर उंच असतो. हे शास्त्र आमच्याकडच्या एका उमेदवाराला कुठूनसे समजले. भरतीच्या मैदानापर्यंत तो जीपच्या मागच्या बाकावर आडवा पडून गेला. मोजणीच्या रांगेतही दोन मित्रांनी त्याला आळीपाळीने खांद्यावर धरला होता म्हणे. साहेबांनी विचारले, "याला काय झालं?" मित्र म्हणाले, "काही नाही साहेब, उंची सांडू नये म्हणून."

हसू येते, पण अर्ध्या सेंटिमीटरवर त्या पोराची नोकरी, लग्न आणि बापाचे कर्ज उभे होते. आणि तो अर्धा सेंटिमीटर त्याने कुठे हरवला, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

उंची रक्तातच असते, हे म्हणणे पूर्ण खरे असते तर हॉलंडचे कोडे सुटले नसते. १८६०च्या सुमारास हॉलंडच्या फौजेत येणाऱ्या जवानांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. म्हणजे निम्मी डच फौज महाराष्ट्र पोलिसांत नापास झाली असती. आज तिथल्या पुरुषांची सरासरी १८३च्या घरात आहे आणि जगात त्यांची गणना सर्वांत उंचांत होते. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या बाईपेक्षा १९९६ साली जन्मलेली बाई सरासरी वीस सेंटिमीटर उंच झाली. आपण त्याच शंभर वर्षांत तीन ते पाच सेंटिमीटर वाढलो. आता शंभर वर्षांत कोरियाच्या लोकांनी आजोबा-पणजोबा काही बदलले नव्हते. ताट बदलले, पाणी बदलले, गटारे झाकली, दवाखाने काढले. रक्तात असते ती उंचीची मर्यादा. तिथवर पोचायला भाकरी लागते.

भाकरीचे म्हणाल तर १९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. दुष्काळाचे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आठवत असेल. तिची भाकरी तव्यावर असतानाच हिरमुसलेली दिसे. आईबाप खडी फोडायला जात आणि कामावर सुकडी मिळे. गुळाची चव असलेले ते भाजलेले पीठ मुठीत घेऊन आम्ही पोरे चाटत बसू. वडील दर दिवाळीला दाराच्या चौकटीवर कोळशाने आमच्या उंचीच्या रेघा ओढत. त्या चौकटीवर १९७२ आणि १९७३ या सालांच्या माझ्या रेघा इतक्या जवळ होत्या, की पाहुण्यांना ती एकच जाड रेघ वाटे. माझ्या पाच फूट तीन इंचांचे खापर मी त्या दोन रेघांवर फोडत असतो. सौभाग्यवती म्हणतात, "तुमचे वडील पाच फूट दोन होते, ते नाही सांगत." घरात शास्त्र शिकलेली बायको असली की माणसाला दुष्काळाचाही आधार राहत नाही.

तरी त्यातली खरी गोष्ट अशी, की दहाव्या वर्षीची उपासमार थोडीफार भरून निघते. भरून निघायला सर्वांत अवघड असते ती आईच्या पोटातली आणि पहिल्या दोन वर्षांतली. लेकरू पहिलीत नाव घालायला येते तेव्हा त्याच्या उंचीचा बराचसा निकाल लागून गेलेला असतो. त्याची आई गरोदरपणी काय जेवली, सगळ्यांच्या मागून खरकट्या तव्याशी बसून जेवली का, हगवणीने बाळ किती वेळा आडवे झाले, घरात पाणी कुठून येत होते, हे सगळे त्या इवल्या टाळूवर लिहिलेले असते. आम्ही मास्तर मंडळी फक्त वाचून दाखवतो. २००५ साली महाराष्ट्राने औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन काढले ते याच पहिल्या दिवसांकडे लक्ष द्यायला. २००५-०६ च्या पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची शंभरांतली ४६ मुले वयाच्या मानाने खुजी होती. दहा वर्षांनी तो आकडा ३४ वर आला. लोकांनी पाठ थोपटून घेतली. पुढच्या पाहणीत, २०१९-२० च्या सुमारास, तो ३५ निघाला. आकड्यानेही म्हणे टाचा टेकवल्या.

आता ती रांगेतली पहिली मुलगी. प्रार्थनेला आम्ही पोरांना उंचीनुसार उभे करीत असू. रांगेतला पहिला नंबर हा वर्गातल्या पहिल्या नंबरासारखा नसतो, तो कुणालाच नको असतो. दरवर्षी त्यात अदलाबदल होते, यंदाचा बुटका पुढल्या वर्षी मधे सरकतो. ही मुलगी दुसरीतही पहिली, तिसरीतही पहिली, आणि पुढच्या मुलीतले व तिच्यातले अंतर वाढतच चाललेले. तांड्यावरची होती. आईबाप दिवाळी झाली की उचल घेऊन मुकादमाच्या गाडीत बसत आणि ऊसतोडीला जात, पोरगी बरोबर. पाचसहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. पहाटे तीनला आई उठली की हीही उठे, धाकट्याला सांभाळायला. तिच्या कार्डावर आदल्या वर्षीचा आकडा ११२ होता. मी मोजले तर ११३ आणि वर एक रेघ. दोन इंच मिळवणाऱ्या गुरुजींच्या हिशेबाने ती ११७ व्हायला हवी होती आणि कागदावर झालीही असती. कागदावर ती आज पोलीस अधीक्षक असती.

मी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तक्त्यावर दोन टिंबे काढली, पहिले टिंब तळच्या रेषेशी आणि दुसरे तिच्याही खाली. २०१५ साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आपल्याच देशातल्या पोरांवरून नवे तक्ते काढले. ते बनवण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर प्रमुख होते. आमच्या वेळी हे तक्ते नव्हते, पण टिंब खाली घसरतेय हे जुन्या तक्त्यावरही दिसत होते. डॉक्टर म्हणाले, "एका टिंबावरून काही कळत नाही मास्तर, दोन टिंबांमधली रेघ बोलते." बुटकं मूल आजारी असतेच असे नाही. आईबाप बुटके असतील, वयात उशिरा येणार असेल, तर ते आपल्या रेषेला धरून मजेत वाढते. चिंता करायची ती रेषा सोडून खाली येणाऱ्याची. कधी त्यामागे जंत असतात, कधी रक्त कमी, कधी गळ्यातल्या ग्रंथीचा दोष, कधी एखादा जुनाट आजार. आणि पुष्कळदा नुसती भूक.

हिचे जंत आणि भूक दोन्ही होते. औषध झाले. पण भुकेवर गोळी नव्हती. मी तांड्यावर जाऊन तिच्या आजीला विनवले, की यंदा पोरीला मागे ठेवून घ्या. म्हातारी म्हणाली, "ठिवते की गुरुजी, पर धाकटं कोण बघंल तिकडं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या पट्टीवर नव्हते. शेवटी धाकट्यालाही म्हातारीनेच ठेवून घेतले. त्या वर्षी शाळेत नुकतीच शिजवलेली खिचडी सुरू झाली होती. १९९५ पासून शाळेत येणाऱ्या पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत आणि ते सगळे घर खाई. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आदेश दिला, की ताटात शिजवलेले अन्न द्या. त्यामुळे तांदूळ निदान पोराच्या पोटात पोचू लागला. खिचडीची चव हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण पुढच्या जूनमध्ये ती पोरगी १२० भरली. पट्टी टेकवल्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी तीनदा मोजले. ती कंटाळून म्हणाली, "गुरुजी, टाचा टेकल्यात की."

खिचडीत पुढे अंड्याचीही भर पडली. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे काढून घेतले. लोकवर्गणीतून द्या म्हणाले. कोंबडीला याची कल्पना दिलेली दिसत नाही, ती पूर्वीच्याच दराने अंडी देते आहे.

इकडे ज्यांच्या घरी अंड्यांची ददात नाही तिथे दुसरीच तऱ्हा. लातूर पॅटर्नचा लौकिक झाल्यापासून आमच्याकडच्या सुखवस्तू घरांतली लेकरे पहाटे पाचला क्लासला निघतात आणि रात्री अकराला पुस्तक मिटतात. वाढीचे संप्रेरक रक्तात सर्वांत जास्त उतरते ते गाढ झोपेत. म्हणजे तांड्यावरची पोरगी उसासाठी तीनला उठत होती आणि डॉक्टरसाहेबांचे चिरंजीव डॉक्टर होण्यासाठी साडेचारला. दोघांचीही झोप कुणीतरी उचलीत घेतलेली. पण चिरंजीवांना निदान जाताना बदाम मिळतात.

आणि शेवटची एक गोष्ट मास्तरलोकांच्या कानात सांगण्यासारखी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, एल्सी विडोसन नावाच्या इंग्रज बाई जर्मनीतल्या दोन अनाथालयांतल्या मुलांचा अभ्यास करीत होत्या. एका आश्रमातल्या मुलांना जास्तीचा पाव, मुरंबा आणि संत्र्याचा रस सुरू केला, दुसऱ्यातल्यांना नेहमीचेच. जास्ती खाणारी मुले जास्त वाढायला हवीत. वाढली कमी! शोध घेतला तेव्हा कळले, की नेमक्या त्याच वेळी एक कडक संचालिका बदली होऊन त्या पहिल्या आश्रमात आली होती. ही बाई ऐन जेवणाच्या वेळी एकेका पोराला उभे करून सर्वांसमोर झापत असे. अन्न ताटात होते, पण घशाखाली सुखाने उतरत नव्हते. तिची आठ लाडकी मुले होती, तिने ती बरोबरच आणली होती. ती मात्र मस्त वाढली. हे मी वाचले त्या दिवसापासून खिचडीच्या तासाला पाढे विचारणे बंद केले. आमच्या हेडमास्तरांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "मग तुम्ही लहानपणी फारच मार खाल्लेला दिसतो."

आता मी निवृत्त आहे. पट्टी शाळेत जमा केली, पावती घेतली. परवा एका अंगणवाडीत डोकावलो तर भिंतीवर उंची मोजायला मोठा जिराफ रंगवलेला. त्याच्या मानेवर आकडे. लेकरे ओळीने येऊन त्याला पाठ लावत होती. ताई एकेकाचा आकडा पुस्तकात लिहीत होत्या. एका टिल्लूने टाचा वर केल्या. ताईंनी पेन बाजूला ठेवले, वाकून त्याच्या दोन्ही टाचा हाताने खाली टेकवल्या, मग आकडा वाचला आणि मागचे पान उलटून पाहिले. पान उलटून पाहिले, हे मला फार आवडले. त्यांनी त्या पोराला विचारले, "सकाळी काय खाल्लंस रे?"

"च्या," पोरगे म्हणाले.

ताईंनी आकड्याशेजारी बारीकसे काहीतरी लिहिले आणि त्याला जेवणाच्या रांगेत सगळ्यांत पुढे नेऊन बसवले.